शुद्ध मन आणि देवाचे दर्शन : रेव्हरंड टिळकांच्या भक्तिकाव्याचा एक विचार



चित्तशुद्धी हा शब्द आपण कीर्तनात इतक्या वेळा ऐकतो की तो कानावरून पाण्यासारखा वाहून जातो. बुवा सांगतात, चित्त शुद्ध झाल्यावाचून देव दिसत नाही. आपण मान डोलावतो, टाळी देतो आणि महाप्रसादाच्या पंगतीला बसतो. पण हा सिद्धांत खरा मानला तर त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येत नाही. चित्त शुद्ध झाले की देव दिसतो, हा नियम फक्त गळ्यात तुळशीची माळ असलेल्यालाच लागू आहे का? की तो नियम देवाचाच असल्यामुळे जिथे जिथे मन निर्मळ होते तिथे तिथे लागू होतो? येशू ख्रिस्ताने नेमकी हीच गोष्ट आपल्या शिष्यांना डोंगरावर बसून सांगितली होती, आणि तुकोबांच्या अभंगावर वाढलेल्या एका मराठी कवीने ती ऐकून आपले सगळे आयुष्य तिच्यामागे लावले. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांचे भक्तिकाव्य आज वारकऱ्याच्या डोळ्यांनी तपासून पाहायचे आहे.

यवतमाळच्या वाचकाने याकडे लक्ष का द्यावे? कारण हा विषय आपल्या उंबरठ्यावरचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी काम केले. उमरीला त्यांचे रुग्णालय उभे राहिले. १९५३ मध्ये यवतमाळ शहरात युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू झाले आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षे देशभरातले विद्यार्थी इथे ख्रिस्ती शास्त्र शिकले. या मंडळींचा मूळ गुरू जॉन वेस्ली. त्याच्या शिकवणीचा गाभाच हृदयाची शुद्धता हा आहे. म्हणजे ज्या गावांतून आषाढीच्या दिंड्या निघतात, त्याच गावांत चित्तशुद्धीचा दुसरा एक पाठ शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. शेजारी काय म्हणतो ते नीट ऐकल्याशिवाय त्याच्याविषयी मत देणे हे काही संतांच्या घरचे वळण नव्हे.

आधी मूळ वचनाकडे जाऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूचे डोंगरावरचे प्रवचन सुरू होते. आरंभी तो कोण कोण धन्य आहेत ते सांगतो. नम्र, शोक करणारे, नीतीची भूक लागलेले अशी ती माळ आहे. त्या माळेत सहावा मणी असा आहे की, ज्यांचे अंतःकरण शुद्ध ते धन्य, कारण देवाचे दर्शन त्यांना होईल. आता या मण्याच्या आजूबाजूला काय आहे ते पाहा. त्याच्या आधी दयाळू माणसे धन्य म्हटली आहेत आणि त्याच्यानंतर समेट घडवणारी. शुद्ध मन हे दया आणि शांती यांच्या मध्ये ओवलेले आहे. माळेतून एकच मणी काढून घेतला तर जप होत नाही. ज्याच्या मनात दया नाही आणि ज्याच्यामुळे भांडण मिटत नाही, त्याच्या शुद्धतेला येशूच्या माळेत जागा नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

हे वचन ऐकणारी माणसे यहुदी होती, आणि त्यांना ते नवे वाटले नसेल. त्यांच्या जुन्या स्तोत्रांत चोविसावे एक स्तोत्र आहे. यरुशलेमच्या डोंगरावर चढणारा यात्रेकरू त्यात विचारतो की, देवाच्या या टेकडीवर कोण चढू शकेल, त्याच्या पवित्र ठिकाणी कोण उभा राहील? उत्तर मिळते की, ज्याचे हात निर्दोष आणि मन शुद्ध आहे, जो कपटाने शपथ वाहत नाही तो. वाचकहो, हा प्रश्न यात्रेकरूचा आहे. महाद्वाराशी उभ्या राहिलेल्या माणसाचा आहे. पंढरीच्या वाटेवर पाय भाजलेल्या माणसाला तो परका वाटू नये.

आता शुद्ध या शब्दाचे पाहू. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथे वापरलेला शब्द धुतलेल्या वस्त्राला लागतो, तसा पाखडून स्वच्छ केलेल्या धान्यालाही लागतो आणि ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही अशा पदार्थालाही लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायला नको, कापसावरून समजते. कापूस कोणी पाण्याने धूत नाही. ओल लागली तर भाव जातो. कापूस शुद्ध करायचा म्हणजे त्यातला पालापाचोळा वेचायचा, कवडी बाजूला काढायची आणि मग जिनात घालून सरकी वेगळी करायची. पालापाचोळा बाहेरून चिकटलेला असतो, तो हाताने निघतो. सरकी मात्र कापसाच्या पोटातच वाढलेली असते. ती काढायला यंत्राचे दात लागतात. मनाचेही तसेच आहे. बाहेरून लागलेले दोष आपण सप्ताहात झटकतो. पण मीपणाची सरकी आतच वाढलेली असते आणि ती पाण्याने, गंधाने किंवा उपासाने सुटत नाही. शुद्ध मन म्हणजे धुतलेले मन एवढाच अर्थ घेतला तर आपण फसतो. शुद्ध मन म्हणजे ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही असे मन. आपल्या परंपरेत यालाच अनन्यता म्हणतात.

टिळकांना हा अर्थ चटकन भिडला तो त्यांच्या पूर्वसंस्कारामुळे. त्यांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या ब्राह्मण कुटुंबातला. संस्कृताचा अभ्यास, मराठी कवितेची ओढ आणि देशाची तळमळ घेऊन ते गावोगाव भटकले. काही काळ नागपुरात, आपल्या विदर्भात होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचताना डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना, असे त्यांना झाले. पुढे १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर तुटले, नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. अहमदनगरला मिशनच्या कामात राहून त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीला भजने दिली, कीर्तने दिली, अभंग दिले. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले. त्यांच्या हातून त्याचे दहा-अकरा अध्याय झाले. १९१९ मध्ये ते गेले आणि उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी रचला.

टिळक सांगत की, तुकोबांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो. हे ऐकून वारकऱ्याच्या मनात पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो प्रामाणिक आहे. पूल हा ओलांडून जायचा असतो. पलीकडे गेल्यावर कोणी पुलावर घर बांधत नाही. मग आमचे तुकोबा हे कुणाच्या मुक्कामाच्या अलीकडचे साधन ठरले का? देहूच्या वाण्याने सगळा संसार इंद्रायणीच्या काठी टाकून जे मिळवले ते अर्धवट होते असे म्हणायचे आहे का? टिळकांच्या बोलण्यातून हा अर्थ निघतो, आणि तो आपल्याला मान्य होण्यासारखा नाही. तुकोबांना पांडुरंग पुरला. त्यांना पलीकडचा काठ शोधावा लागला नाही.

पण टीका करताना माणसाचे बोलणे त्याच्या कामाशी ताडून पाहावे. टिळकांनी पूल ओलांडला असेल, पण तो मागे सोडला नाही. ‘अभंगांजली’ वाचा. तिथे छंद तुकोबांचा आहे. शेवटच्या चरणात तुकोबांप्रमाणेच मुद्रा येते, फक्त नाव ‘दास’ असे आहे. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. युरोपातल्या चर्चमधून आलेल्या माणसाला ख्रिस्त राजा आहे, न्यायाधीश आहे, मेंढपाळ आहे. त्याला आई म्हणून हाक मारायला आळंदीचे संस्कार लागतात. म्हणजे पलीकडच्या काठावर गेलेला हा माणूस तिथे अलीकडच्याच काठाची भाषा बोलत राहिला. पुलावरून गेलेल्याने पूलच खांद्यावर उचलून नेला, असे म्हटले तर ते जास्त खरे होईल.

या अभंगांचे गुण आधी सांगतो. भाषा घरातली आहे. शब्दांचा डौल नाही. पंडिताने लिहूनही पांडित्य कुठे टोचत नाही. चित्तशुद्धीच्या बाबतीत त्यांची भूमिका पक्की आहे. मन शुद्ध करणे हे माणसाच्या हातचे काम नाही, ते देवाने करायचे आणि माणसाने करू द्यायचे, असे ते पुन्हा पुन्हा सांगतात. इथे ते आपल्या संतांच्या अगदी जवळ येतात. नाम घेतो तो जीव, पण शुद्ध करतो तो नामाचा धनी, हे आपण मानतोच. स्वतःच्या साधनेचा ताठा आला की साधनाच मळते, हे दोघांनाही माहीत आहे.

आता उणेपणा. तुकोबांचा अभंग देवाशी भांडतो. दुष्काळ, दिवाळे, बायकोचा भुकेने झालेला मृत्यू, लोकांची निंदा, भंडाऱ्याचा एकांत हे सगळे त्या शब्दांच्या मागे उभे असते. तुकोबा देवाला जाब विचारतात, रुसतात, शिव्याही देतात आणि मग कधीतरी शांत होतात. म्हणून त्यांची शांती आपल्याला पटते. टिळकांचा अभंग मात्र बहुधा शरणागतीपासूनच सुरू होतो. त्यांच्या आयुष्यात वादळे कमी नव्हती. बहिष्कार होता, एकटेपणा होता. पण ती वादळे अभंगात येण्याआधीच निवलेली असतात. सरकी कशी निघाली, यंत्राचे दात कसे लागले, हे सांगण्याआधीच पांढरा कापूस आपल्यापुढे ठेवला जातो. वाचणाऱ्या धडपडत्या माणसाला वाटते की, हे याला जमले, मला कसे जमायचे? मंडळीत सगळ्यांनी मिळून गाण्यासाठी लिहिलेल्या पदांवर ही मर्यादा येते हे मान्य करूनही, तुकोबांच्या शेजारी ठेवल्यावर हा फरक लपत नाही.

गंमत अशी की टिळकांच्या काव्यात जी धडपड कमी दिसते ती त्यांच्या घरातच लिहिली गेली. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. चित्तशुद्धीवरचा इतका सोपा आणि इतका खोल ग्रंथ मराठीत क्वचितच असेल, आणि गंमत म्हणजे त्यात चित्तशुद्धी हा शब्द शोधावा लागतो. पुस्तक सुरूच होते ते त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने. सत्तावन्नच्या बंडानंतर सासऱ्यांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने या माणसाला सगळे जग विटाळलेले दिसू लागले. बाजारातून आलेला कोणताही जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यायचा नाही, मीठ आणि साखरही त्यातून सुटायची नाही. वाचताना आपण हसतो. मीठ धुतले तर हातात काय राहणार? पण जरा थांबून पाहा. शुद्धतेची भूक त्या माणसात खरी होती. तिला वाट चुकीची मिळाली. जे आत करायचे ते तो बाहेर करत बसला, आणि त्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल झाले. बाहेरच्या शुद्धतेचा शेवट दुसऱ्याच्या छळात होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणत्या कीर्तनकाराला मिळेल?

याच घरातली मुलगी, लक्ष्मीबाई, नवरा ख्रिस्ती झाल्यावरही कितीतरी दिवस आपले सोवळे सांभाळून होती. मग एकदा विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले की, जन्म, मरण, भूक, देह सगळ्यांना सारखेच आहेत, मग ही शिवाशिव देवाने केली की माणसाने? त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, पण त्यांची खरी शुद्धी या विचारापासूनच सुरू झाली, असे पुस्तक वाचताना वाटते. आधी माणूस दिसला, देव मागून आला. येशूच्या माळेत दयेचा मणी शुद्धतेच्या आधी का आहे, याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी कोणतेही शास्त्र न सांगता दिले आहे.

आता दर्शनाचा विचार करू. इथे आपला आणि ख्रिस्ती मताचा खरा भेद आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सगळे धर्म सारखेच, असे म्हणून टाळ्या मिळतात, पण विचार तिथेच संपतो. येशूच्या वचनात क्रियापद भविष्यकाळी आहे. शुद्ध मनाच्या माणसांना देव दिसेल. ख्रिस्ती शास्त्रात पूर्ण दर्शन हे बहुतेकांनी या देहानंतरचे मानले आहे. वारकऱ्याला हा उशीर सोसत नाही. आम्हाला याच देहात, याच डोळ्यांनी भेट हवी. म्हणून तर आमचा देव विटेवर उभा राहून वाट पाहतो. त्याला पाहायला मेल्यानंतर नव्हे, आषाढीला जायचे असते.

पण वेस्ली यांनी या वचनावर केलेले प्रवचन पाहिले तर भेद थोडा जवळ येतो. अठराव्या शतकातला हा इंग्रज उपदेशक म्हणतो की, शुद्ध मनाच्या माणसाला इथेच, या जगातच सगळीकडे देव भरलेला दिसू लागतो. आकाशात दिसतो, पृथ्वीवर दिसतो, रोजच्या घडामोडीत दिसतो. पूर्ण दर्शन पुढे आहेच, पण त्याची पहाट इथेच होते. आपल्या जिल्ह्यातल्या फ्री मेथडिस्ट मंडळींचा वारसा हाच आहे. त्यांच्या नावातल्या ‘फ्री’ या शब्दाची कथाही ऐकण्यासारखी आहे. १८६० मध्ये अमेरिकेत हा पंथ निघाला तेव्हा तिकडच्या अनेक चर्चमध्ये पुढचे बाक पैसेवाल्यांना भाड्याने दिले जात. गरिबाने मागे बसावे. या मंडळींनी सांगितले की, देवाच्या घरात बाकाला भाडे नाही, आणि गुलामगिरीलाही थारा नाही. मनाच्या शुद्धतेवर बोलणाऱ्यांनी पहिला वाद बसण्याच्या जागेवरून केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मन शुद्ध झाले की ते पहिल्यांदा रांगेत दिसते.

दुसरा भेद रूपाचा आहे. आपला देव सम चरणांवर उभा, कटेवर कर, मुद्रा प्रसन्न. त्याला पाहिले की शीण जातो. टिळकांच्या एका प्रसिद्ध पदात मात्र ते ऐकणाऱ्याला थेट विचारतात की, वधस्तंभावरचा प्रभू तू पाहिलास का? त्याचे विंधलेले हात पाहिलेस का? तिथे दर्शन म्हणजे जखमा पाहणे. प्रथम ऐकताना वारकऱ्याला हे कठीण जाते. देवाच्या अंगावर घाव कसे पाहायचे? पण आपल्याच महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. मंदिराच्या पायरीशी पडलेला हा संत देवाच्या जवळचा होता की नव्हता? होता, तर त्याच्या अंगावरचे घाव देवाला लागले नसतील का? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना त्याच पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे दलितांना विठोबाच्या गाभाऱ्याची वाट मोकळी झाली. इतकी शतके आपण प्रसन्न मुद्रा पाहत होतो, पण दारातले घाव आपल्याला दिसत नव्हते. टिळकांचा प्रश्न म्हणूनच आपल्यालाही लागू पडतो. दर्शन घेऊन आलेल्याने काय काय पाहिले, हे विचारलेच पाहिजे.

ख्रिस्ती मंडळींनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या देशातल्या, विशेषतः दक्षिणेतल्या कितीतरी चर्चमध्ये जातीप्रमाणे वेगळी जागा आणि वेगळी दफनभूमी राहिली, हे जाहीर आहे. योहानाच्या पत्रात तर स्पष्ट विचारले आहे की, जो दिसणाऱ्या भावावर प्रेम करत नाही तो न दिसणाऱ्या देवावर कसे करणार? वचन चांगले असले म्हणून वागणे आपोआप चांगले होत नाही. हा रोग दोन्ही घरांत आहे.

टिळकांच्या आयुष्याचा शेवटचा भाग या दृष्टीने त्यांच्या काव्यापेक्षाही मोलाचा आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही होती. एका माणसाने धर्म बदलताना इतके सोसले, आणि शेवटी त्यानेच दारावरची पाटी पुसली. मनाच्या शुद्धतेने देव दिसतो हे वचन खरे मानले तर दारात उभे राहून कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवण्याचा अधिकार आपला राहत नाही, हे त्यांना उमगले असावे. टिळकांच्या निधनानंतर तो दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे स्वतःचे केंद्र ख्रिस्तच होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. आपले केंद्र पांडुरंग आहे, आपणही ते लपवू नये. पण पुसलेली पाटी हा त्यांचा सर्वांत चांगला अभंग आहे, असे माझे मत आहे.

आता वाचकहो, यातून आपण काय घ्यायचे? टिळकांना आपल्यात ओढून घेण्याची गरज नाही, आणि त्यांनी माळ टाकली म्हणून त्यांना दूर लोटण्याचीही नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. चित्तशुद्धी ही दुसऱ्याला मोजण्याची काठी नव्हे. अमक्याचे मन शुद्ध नाही, तमक्याला दर्शन कसे होईल, असे ज्याला सारखे दिसते त्याच्याच डोळ्यात काहीतरी गेलेले असते. कचरा डोळ्यात असला की समोरचा माणूस धूसर दिसतो, आणि आपण त्यालाच मळका म्हणतो. मन शुद्ध झाल्याची खूण कोणती, असे कोणी विचारले तर एवढेच सांगता येईल की, त्या माणसाला दुसऱ्यात देव सहज दिसू लागतो, आणि स्वतःच्या शुद्धतेचा त्याला विसर पडतो.

आपल्या विदर्भात ही खूण अंगावर घेऊन हिंडलेला माणूस होऊन गेला. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या होत्या आणि हातात खराटा होता. सोवळ्याच्या मापाने पाहिले तर त्यांना ओसरीवरही घेतले नसते. त्यांनी गावे झाडली, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि देव कुठे आहे हे लोकांना उपाशी, उघड्या, आजारी माणसाकडे बोट दाखवून सांगितले. बाबांनी येशूचे डोंगरावरचे वचन वाचले होते की नाही याला महत्त्व नाही. ज्या माळेत दया, शुद्ध मन आणि शांती एकाशेजारी एक ओवली आहेत, ती माळ ते जगत होते.

म्हणून येत्या वारीला एवढे करून पाहा. दिंडीत चालताना, पंगतीला बसताना, दर्शनाच्या बारीत उभे असताना आपल्या मागच्या माणसाकडे एकदा वळून पाहा. तो कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, त्याच्याकडे पुढे जाण्याचा पास आहे की नाही, हे मनात न आणता पाहा. गावात परतल्यावर रविवारी चर्चला जाणाऱ्या शेजाऱ्याला प्रसाद द्या आणि त्याच्या नाताळाचा फराळ तुम्हीही घ्या, हातचे कोणाचे हे न विचारता घ्या. त्याच्याशी मतभेद असतील तर ते त्याच्यासमोर, त्याच्या ओट्यावर बसून बोला. आपल्या पांडुरंगाला त्याने काही कमी पडणार नाही. पण आपल्या मनातली एखादी सरकी सुटेल, आणि सुटली तर विटेवरची मूर्ती तीच असूनही आपल्याला जरा अधिक स्पष्ट दिसेल.

रामकृष्णहरी.